वकिली सोडून गाण्यामागे गेलेला माणूस : विष्णु नारायण भातखंडे

बेळगावात संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही संगीत क्लासवरून चालत गेलात, तर एक चित्र हमखास दिसतं. आत सात-आठ पोरं पेटी घेऊन बसलेली असतात. त्यांच्यात एखादा बँकेतून सुटून आलेला, डबा अजून पिशवीतच असलेला गृहस्थ मांडी घालायची धडपड करत असतो. समोर क्रमिक पुस्तकाचा पहिला भाग उघडा असतो. पोरांची बोटं भराभर फिरतात, याची अडखळतात. हेच चित्र ग्वाल्हेरला, बडोद्याला, इंदूरला, हैदराबादच्या जुन्या मराठी वस्तीतही दिसेल. प्रांत वेगळा, रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी वेगळी, पण पुस्तक तेच.

त्या गृहस्थांपैकी एक मीही आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी पेटी शिकायला बसलो. शिक्षण बी.कॉम., धंदा बातमीदारीचा, गाण्याशी संबंध गणपतीतल्या आरतीपुरता. पहिल्या महिन्यात पुस्तकातल्या रेघा आणि टिंबं बघून वाटलं, हे कुणा हिशेबी माणसाचं काम दिसतंय. चौकशी केली तर खरंच तसं निघालं. पुस्तक लिहिणारा माणूस गवयाच्या घरचा नव्हता, तो वकील होता. आणि गाण्या-वाजवण्याच्या शिस्तशीर तालमीला तो लागला तो कॉलेजच्या वयात. घराणेदार गवयांच्या हिशेबानं म्हणजे फारच उशिरा.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 चा, मुंबईत वाळकेश्वरला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर कोकणस्थ ब्राह्मणाचं, मध्यमवर्गीय. मुलानं शिकावं, पदवी घ्यावी, मानाची नोकरी नाहीतर वकिली करावी, अशी अपेक्षा असलेलं. गाण्याचं वावडं नव्हतं. घरी भजनं-पदं होत, विष्णू लहानपणी बासरी वाजवायचा, गळाही बरा होता. पण हे सगळं हौसेपुरतं. त्या काळी सभ्य घरातला मुलगा गाणं-बजावणं गंभीरपणे शिकायला लागला, की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. गवई म्हणजे दरबारातला नाहीतर कोठ्यावरचा, अशी दोनच चित्रं लोकांच्या डोळ्यांपुढे होती.

शेजारपाजारच्या ओळखीतून कॉलेजच्या दिवसांत त्यांची गाठ वल्लभदास दामुलजी या सतारियाशी पडली. वल्लभदास हे जीवनजी महाराजांच्या तालमीतले. त्यांच्याकडे भातखंडे सतार शिकायला लागले, तेही घरात कळू न देता. रात्री, सगळी निजानीज झाल्यावर. पुढे वडिलांना कळलं आणि अभ्यास बुडत नाही हे पाहून विरोध मावळला.

सतार मोठ्या वयात शिकणं म्हणजे काय, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुकानदाराशी पाच मिनिटं बोललात तरी कळतं. उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी घालायची, दा आणि रा असे उलटसुलट आघात करायचे. डाव्या हाताची बोटं पडद्यांवरून सरकवायची, तार ओढून मींड काढायची. पहिले काही आठवडे बोटांना चिरा पडतात, मग घट्टे पडतात, मग कुठे सूर निघतो. सात वर्षांचं पोर हे खेळता खेळता करतं. विशीतल्या माणसाचं शरीर लवकर वळत नाही. त्यात त्याची एक वेगळीच पंचाईत असते. त्याला प्रश्न पडतात. हा राग संध्याकाळीच का? चढताना हा स्वर टाळायचा आणि उतरताना घ्यायचा, तो का? पोर असं विचारत नाही, गुरुजी सांगतील तसं वाजवतं. मोठा माणूस विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : आम्हाला असंच शिकवलंय.

भातखंड्यांनी पुढची पन्नासएक वर्षं हे उत्तर मान्य केलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य त्या नकारातून निघालंय, असं माझं मत झालंय.

सतारीचा आणखी एक परिणाम झाला असावा. गळ्यातला सूर दिसत नाही. सतारीचे पडदे डोळ्यांनी दिसतात, मोजता येतात. कोमल गंधार कुठे आणि शुद्ध गंधार कुठे, यावर बोट ठेवून दाखवता येतं. राग बदलला की सतारिये काही पडदे वर-खाली सरकवायचे, आणि पडद्यांच्या त्या मांडणीला ते ‘थाट’ म्हणायचे. भातखंड्यांनी पुढे रागांची वर्गवारी केली तिलाही हाच शब्द. गायकाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ही वर्गवारी सुचली असती का, मला शंका आहे.

कोर्ट आणि मंडळी

1884 मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. ही संस्था कैखुश्रू काबराजी आणि इतर पारशी मंडळींनी 1870 मध्ये काढलेली. व्यापारी, वकील, डॉक्टर अशा लोकांनी संध्याकाळी जमायचं, उस्तादांना पगार देऊन बोलवायचं आणि शिकायचं. आजच्या भाषेत नोकरदारांचा क्लासच म्हणा. तिथे त्यांना रावजीबुवा बेलबागकर भेटले आणि त्यांच्याकडून शेकडो ध्रुपदं मिळाली. अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. सतार मागे पडत गेली आणि गाणं पुढे आलं, पण वाजवायला बसलेल्या माणसाची मोजूनमापून घ्यायची सवय गेली नाही.

1885 ला बी.ए., 1887 ला एलएल.बी. मग काही काळ कराचीत वकिली, नंतर परत मुंबई. वकील म्हणून ते बरे चालले होते. दिवसा कागदपत्रं, साक्षीपुरावे, संध्याकाळी मंडळीत तालीम. हळूहळू स्वतः शिकता शिकता ते मंडळीत इतरांना शिकवायलाही लागले.

वकिलीचा त्यांच्या गाण्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. माझ्या मते फार जवळचा. साक्षीदार दोन आणि दोघांची जबानी वेगळी असली, तर वकील चिडत नाही. तो दोन्ही लिहून घेतो, तिसरा साक्षीदार शोधतो, मग दस्तऐवज मागतो. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हेनं गातात आणि दोघेही दुसऱ्याला चूक म्हणतात, हे भातखंड्यांनी रोज पाहिलं. त्यांनी दोघांचंही उतरवून घेतलं. मग तिसऱ्या घराण्याकडे गेले. आणि दस्तऐवज म्हणून जुने संस्कृत ग्रंथ शोधायला लागले.

1900 मध्ये त्यांची पत्नी गेली. एकच मुलगी होती, तीही 1903 मध्ये गेली. त्रेचाळिसाव्या वर्षी घर रिकामं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्या काळात चाळिशीतल्या विधुरानं लग्न करणं अगदी सर्रास होतं, त्यामुळे हा निर्णय लहान नव्हता. पुढच्याच वर्षी ते दक्षिणेकडे निघाले.

प्रश्नांची यादी घेऊन

1904 ची ही दक्षिण यात्रा आपल्या सीमाभागातल्या वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबतो.

आपल्याकडे हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन पद्धतींची शीव जवळपास घरावरून गेलेली आहे. धारवाड-बेळगावचा माणूस कानडी बोलतो आणि ख्याल गातो. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा. मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल ही सगळी नावं याच पट्ट्यातली. थोडं खाली उतरलं की वीणा, मृदंगम् आणि त्यागराजांच्या कृती सुरू होतात. भातखंडे ही शीव ओलांडून गेले, तेही ऐकायला कमी आणि विचारायला जास्त. खिशात प्रश्नांची यादी. मद्रास, तंजावर, मदुराई असं करत ते एट्टयापुरमला पोचले आणि सुब्बराम दीक्षितांना भेटले. हे दीक्षित मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातले, स्वतः मोठे विद्वान.

दक्षिणेत त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, तिथले विद्वान शास्त्राची भाषा बोलतात, रागाचं घर सांगू शकतात. आणि दुसरी, सतराव्या शतकात तंजावरच्या व्यंकटमखींनी ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात सप्तकाच्या बारा स्वरांतून 72 मेळ काढून दाखवलेले आहेत. गणितानं. कुठलाही राग घ्या, त्याला एक मेळ मिळतो. उत्तरेत मात्र राग-रागिणी-पुत्र असा कुटुंबकबिला चालू होता. अमका राग नवरा, त्याच्या पाच-सहा बायका, मग मुलं-सुना. कोण कुणाचं कोण, हे प्रत्येक ग्रंथात वेगळं.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला ही अवस्था चटकन कळते. रोजकीर्द भरलेली आहे, व्यवहार हजारो आहेत, पण खतावणीच नाही. कुठला व्यवहार कुठल्या खात्यात न्यायचा ते ठरलेलं नाही. भातखंड्यांनी खतावणी घातली.

त्यांनी 72 घेतले नाहीत. उत्तरेत प्रत्यक्ष गायले जाणारे राग पाहून दहाच खाती उघडली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बिलावल म्हणजे सगळे शुद्ध स्वर, हा पाया धरला. बाकी नऊ त्याच्यापासून मोजायचे. एक मध्यम तीव्र केला की कल्याण. निषाद कोमल केला की खमाज. निषादाबरोबर गंधारही कोमल, की काफी. पेटीवर बसलेल्या नवख्या माणसाला हे दहा मिनिटांत कळतं, आणि आपल्यालाही काहीतरी समजतंय असा धीर येतो. तो धीर मोठ्या वयात फार लागतो.

1907 मध्ये ते नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम् आणि हैदराबादला गेले. हैदराबादेत अप्पा तुळशी हे संगीत आणि संस्कृत दोन्ही जाणणारे गृहस्थ निजामाच्या आश्रयाला होते. त्यांचा आणि भातखंड्यांचा चांगला स्नेह जमला, आणि तुळशींनीही याच नव्या मांडणीला धरून संस्कृतात ग्रंथ लिहिले. 1908 मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदयपूर. हे सगळं रेल्वेनं, स्वतःच्या खर्चानं, जागोजागच्या ग्रंथालयांतून पोथ्या उतरवून घेत.

उस्तादांकडून चिजा मिळवणं मात्र पोथ्या मिळवण्याहून कठीण होतं. चीज ही घराण्याची मालमत्ता. कुणी मुलीच्या लग्नात हुंड्यात चिजा दिल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. परका माणूस वही-पेन्सिल घेऊन समोर बसला, की उस्तादाचा गळा बसायचा. भातखंड्यांनी पैसे मोजले, मिनतवाऱ्या केल्या, ओळखी लावल्या. जयपूरच्या महंमद अली खाँच्या घराण्यातल्या शेकडो चिजा त्यांना त्या घरच्या आशिक अलींकडून मिळाल्या. आणि पन्नाशी उलटून गेल्यावर, संगीतातले मोठे पंडित म्हणून देशभर नाव झालेलं असताना, त्यांनी रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचं शिष्यत्व पत्करलं. कारण तानसेनाच्या वंशपरंपरेतले वझीर खाँ रामपूर दरबारात होते आणि त्यांच्याकडचा खजिना त्याशिवाय उघडत नव्हता.

या ठिकाणी मी दोनदा थांबलो. पंचवीस वर्षांच्या मास्तरांपुढे पेटी घेऊन बसताना मला पहिल्या दिवशी कसंनुसं झालं होतं. आणि हा माणूस पुस्तकं लिहून, परिषदा भरवून झाल्यावर पुन्हा शागीर्द झाला.

खोट्या नावानं खरी पुस्तकं

1910 च्या सुमारास त्यांनी वकिली पूर्ण सोडली. त्याच सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ निघाला. लेखकाचं नाव चतुरपंडित. मग मराठीत ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ चे भाग यायला लागले, लेखक विष्णुशर्मा. चार भाग पूर्ण व्हायला 1932 उजाडलं. रागांची लक्षणं सांगणारी छोटी गीतं, म्हणजे लक्षणगीतं, त्यांनी रचली, त्यांवरही चतुर हे नाव. स्वतःचं नाव पुढे करायची हौस नव्हती हे एक कारण असेल. पण संस्कृतात लिहिलेल्या ग्रंथाला त्या काळात जे वजन यायचं, ते इंग्रजी शिकलेल्या वकिलाच्या नावाला आलं नसतं, हेही त्यांना माहीत असणार. आधी संस्कृत सूत्रं लिहायची आणि मग त्यांचाच आधार देऊन मराठीत चर्चा करायची, यात वकिली डोकं दिसतंच.

मराठी ग्रंथाची रचना गुरू-शिष्याच्या संवादाची आहे. शिष्य प्रश्न विचारतो, गुरू उत्तर देतो, शिष्याचं समाधान झालं नाही तर तो पुन्हा विचारतो. तरुणपणी जे प्रश्न विचारून उत्तर मिळालं नव्हतं, ते सगळे या शिष्याच्या तोंडी घातलेत असं वाचताना वाटतं. हा मूळ ग्रंथ मराठीत आहे, ही गोष्ट आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक नसते. उत्तरेत त्याची हिंदी भाषांतरं इतकी चालली, की लेखक हिंदीचाच असावा असा समज होतो. सीमाभागात भाषेवरून एवढा जीव टाकणाऱ्या आपण लोकांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

सामान्य शिकणाऱ्यासाठी मात्र खरं काम ‘क्रमिक पुस्तक मालिका’ चं. सहा भाग, त्यांत 1800 च्या आसपास चिजा, स्वरलिपीसकट. शेवटचे दोन भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. ती स्वरलिपी किती साधी आहे बघा. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकाचा स्वर असेल तर खाली टिंब, वरच्याचा असेल तर वर टिंब. एका मात्रेत दोन-चार स्वर बसवायचे तर त्यांच्याखाली वाटीसारखी कमान. समेला फुली, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना आकडे. संपलं. छापखान्यातल्या खिळ्यांना जमेल आणि शाळा मास्तराला फळ्यावर लिहिता येईल एवढंच. त्यांच्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्करांनीही एक स्वरलिपी केली, ती जास्त बारीक आहे, मात्रांच्या खुणा वेगळ्या आहेत. पण टिकली आणि पसरली ती भातखंड्यांची, सोपेपणामुळे.

पलुस्कर हे आपल्याच भागातले, कुरुंदवाडचे. 1872 चा जन्म, म्हणजे भातखंड्यांहून बारा वर्षांनी लहान. फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दोघे विष्णू, दोघांचं ध्येय एक, पण फार जमलं नाही. पलुस्कर गायक, भक्तिभावाचे, लोकांत मिसळणारे. भातखंडे ग्रंथांतले, कोरडे, पुरावा मागणारे. कुणी मोठा, कुणी छोटा असा वाद आजही मैफलीनंतर चहाच्या टपरीवर रंगतो. आम्ही परीक्षा देतो ती गांधर्व मंडळाची आणि वाचतो ते भातखंड्यांचं पुस्तक, त्यामुळे आमच्यापुरता वाद मिटलेला आहे.

बडोदे, ग्वाल्हेर, लखनौ

1916 च्या मार्चमध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सयाजीराव महाराजांचा आश्रय, भातखंड्यांची आखणी. देशभरचे उस्ताद आणि विद्वान एका मांडवात आले. तिथे श्रुतींचा वाद रंगला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची खास पेटी बनवून घेतली होती. तिचे सूर आणि उस्तादांच्या गळ्यातले सूर जुळतात का, हे परिषदेत तपासलं गेलं आणि जुळेनात. भातखंड्यांचं म्हणणं बारा स्वर धरून चालावं, बारकावे गळ्यावर सोडावेत. त्यांचा विजय झाला असं मानतात. देवलांचं कामही सांगलीच्या माणसानं अभिमानानं सांगावं असंच आहे, पण ती पेटी विकत घेऊन शिकणं सामान्य माणसाला परवडणारं नव्हतं.

पुढे दिल्लीला 1918 मध्ये, बनारसला 1919 मध्ये, मग लखनौला परिषदा झाल्या. ठराव पुष्कळ झाले, राष्ट्रीय अकादमीचे बेत झाले. पैसे कमी आणि मतभेद जास्त, त्यामुळे बेत कागदावर राहिले. परिषदांचं हे आपल्याला नवीन नाही.

शाळा मात्र उभ्या राहिल्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी आपले काही गवई मुंबईला भातखंड्यांकडे पद्धत शिकायला पाठवले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालाचं माहेरघर, तिथले तयार गवई एका वकिलाकडे शिकायला आले. पोटात काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पण शिकले, परत गेले आणि जानेवारी 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झालं. बडोद्याच्या दरबारी संगीत शाळेलाही त्यांनी नवी घडी घालून दिली. आणि 1926 मध्ये राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या पुढाकारानं लखनौला मॅरिस कॉलेज निघालं, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावानं. तेच आज भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. तिथे त्यांनी आपला शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर याला नेमलं. रातंजनकर आधी बडोद्याला फैयाज खाँकडे शिकून तयार झालेले, म्हणजे पुस्तक आणि तालीम दोन्ही अंगात असलेला माणूस. ही निवड भातखंड्यांची मला सगळ्यात शहाणी वाटते.

कारण पुस्तकाच्या मर्यादा आहेतच. अहिर भैरव कुठल्या खात्यात टाकायचा? वरचं अंग भैरवाचं नाही, काफीच्या वळणाचं. पटदीप काफीत दाखवतात, पण त्यातला निषाद शुद्ध. खतावणीत अशा नोंदी सस्पेन्स खात्यात टाकतात, भातखंड्यांच्या दहांत ती सोय नाही. स्वरलिपीत बागेश्री वाचून पेटीवर वाजवली तर सूर सगळे बरोबर येतात आणि बागेश्री येत नाही, हे मी स्वतः रोज अनुभवतो. उस्तादांबद्दल त्यांनी प्रवासाच्या टिपणांत जे लिहिलंय ते कधी कधी फार कडक आहे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच अडाणी म्हणण्यासारखं. शास्त्र येत नाही म्हणजे ज्ञान नाही, हा त्यांचा हिशेब मला पटत नाही. ज्याच्या गळ्यात राग आहे त्याला त्याचं नाव सांगता आलं नाही तरी राग त्याचाच.

पण उलटही बघितलं पाहिजे. ज्याच्या घरात गाणं नाही, ज्याला उस्तादाच्या घरी बारा वर्षं पाणी भरायला सवड नाही, जी सून आहे, जो कारकून आहे, ज्याचं वय गेलंय, त्याच्यासाठी 1900 च्या आधी दार जवळपास बंदच होतं. छापील पुस्तकानं ते किलकिलं केलं. ते पुस्तक ज्यानं लिहिलं, तो स्वतः त्या बंद दारासमोर उभा राहिलेला होता.

1933 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढची तीन वर्षं बहुतेक अंथरुणावर गेली. तरी क्रमिक पुस्तकांच्या उरलेल्या भागांचं काम डोक्यात चालू होतं आणि शिष्य-मित्र मदतीला होते. 19 सप्टेंबर 1936 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. जन्म गोकुळाष्टमीचा, मृत्यू गणेश चतुर्थीचा. जन्मशताब्दीनिमित्त 1961 मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. फोटोत काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मिशा. गवयापेक्षा वकीलच जास्त वाटतात.

परवा क्लासमध्ये आमच्या मास्तरांनी यमनमधली एक चीज दिली आणि पुस्तक मिटायला सांगितलं. आधी मी म्हणतो तसं ऐका, मग पान उघडा, म्हणाले. ऐकलं, वाजवलं, चुकलो. पान उघडलं तर चूक कुठे झाली ते दिसलं, तीव्र मध्यमावरची उभी रेघ माझ्या बोटांनी खाल्ली होती. शेजारचं आठवीतलं पोर हसलं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.